गेमवरून आलेले ॲनिमे आणि चाहत्यांच्या प्रतिक्रिया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेम खेळणारे आणि ॲनिमे, म्हणजे जपानी पद्धतीच्या ॲनिमेशन मालिका, पाहणारे आम्ही काही सोलापूरकर महिन्यातून एकदा जुळे सोलापुरात एकत्र बसतो. नव्याने येणारी मुले, त्यांचे पालक आणि कधी कधी केवळ कुतूहलापोटी डोकावणारी मंडळी बहुधा तेच प्रश्न विचारतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे सविस्तर लिहून ठेवली आहेत. बरीच उदाहरणे ‘सायबरपंक २०७७’ या गेमवरून आलेल्या ‘सायबरपंक : एजरनर्स’ या मालिकेतील आहेत, कारण चाहत्यांच्या प्रतिक्रियेचे बळ तिच्याइतके स्वच्छ इतरत्र क्वचितच पाहायला मिळते. तिचा शेवट या उत्तरांत उघड झाला आहे. ज्यांना मालिका पाहायची आहे त्यांनी आधी ती पाहून घ्यावी.

मी मूळ गेम खेळलेलो नाही. माझ्या मताला काही किंमत आहे का?

आहे, आणि ती खेळाडूच्या मताइतकीच आहे. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात मोबाइल असतो. महागडा गेमिंग संगणक किंवा कन्सोल फार थोड्या घरांत असतो. त्यामुळे गेम बाजूलाच राहतो आणि त्यावरची मालिका आधी पाहिली जाते. काही जण याचा कमीपणा मानतात, तो मानण्याचे कारण नाही. खेळाडूच्या नजरेतून निसटलेल्या गोष्टी गेम न खेळलेल्या प्रेक्षकाला दिसतात, हे आम्ही ‘एजरनर्स’च्या पहिल्याच भागावर बोलताना अनुभवले.

त्या भागात डेव्हिड मार्टिनेझ या मुलाच्या घरातले वॉशिंग मशीन पैसे न भरल्यामुळे मध्येच बंद पडते आणि कपडे आत ओलेच राहतात. त्याची आई ग्लोरिया जादा पाळ्या करून त्याला अरासाका अकादमी या बड्या शाळेत शिकवत असते. रस्त्यावरच्या गोळीबारात त्यांची गाडी उलटते, तेव्हा धावून आलेले ट्रॉमा टीम या खासगी वैद्यकीय सेवेचे पथक मायलेकांना पाहते आणि हे आपले ग्राहक नाहीत एवढे कळताच त्यांना तसेच टाकून निघून जाते. पुढे आईची राख एका डब्यात बंद होऊन यंत्रातून बाहेर येते. आमच्यातले खेळाडू हे पाहताना गेममधल्या ओळखीच्या खुणा शोधण्यात रमले होते. गेम कधीच न खेळलेल्या, यंत्रमाग कामगाराच्या घरातल्या एका मुलीने मात्र इंग्रजी शाळेची फी, आईची दुसरी पाळी आणि उपचारांआधी भरावी लागणारी अनामत रक्कम यांविषयी बोलायला सुरुवात केली, आणि त्या दिवशीची सगळी चर्चा तिच्या मागे गेली. मालिकेच्या कर्त्यांनी पहिला भाग ज्यासाठी रचला होता, ते तिने अचूक हेरले होते असे मला वाटते.

मग गेम खेळलेले लोक छोट्याशा बदलावरही इतके का चिडतात?

कारण गेममधल्या नायकाला त्यांनी स्वतः चालवलेले असते. ‘पर्सोना ५’ हा गेम जपानमध्ये सप्टेंबर २०१६ मध्ये आला. तो पुरा करायला शंभर तासांच्या आसपास वेळ लागतो. त्यात शाळकरी नायकाचे दिवस एकामागून एक उलगडतात आणि शाळा सुटल्यावर अभ्यास करायचा, कोणा मित्राला भेटायचे की काम करून चार पैसे मिळवायचे, हे प्रत्येक वेळी खेळाडू ठरवतो. नायक स्वतः फारसा बोलत नाही आणि त्याचे नावही खेळाडूच ठेवतो. एप्रिल २०१८ मध्ये याचे ॲनिमे सुरू झाले तेव्हा या मुक्या नायकाला आवाज द्यावा लागला, नाव द्यावे लागले आणि त्याच्या संध्याकाळी कोणाबरोबर जाणार हेही ठरवून टाकावे लागले. त्याआधी निघालेल्या मांगामध्ये, म्हणजे जपानी चित्रकथेत, त्याचे नाव आकिरा कुरुसु होते. ॲनिमेने रेन अमामिया हे नाव घेतले आणि कित्येकांना पहिले नाव सोडवेना. बाहेरून पाहणाऱ्याला हा वाद क्षुल्लक वाटेल. परंतु ज्याने शंभर तास त्या मुलाला स्वतःच्या नावाने हाक मारून घेतली, त्याला पडद्यावर दुसराच कोणी उभा दिसतो, आणि आपण घेतलेल्या निर्णयांची तिथे कुठेच नोंद नाही, ही खंत त्याच्या रागाच्या मुळाशी असते.

याच मालिकेच्या आधीच्या गेमचे रूपांतर, म्हणजे २०११ चे ‘पर्सोना ४’चे ॲनिमे, मला अधिक कसदार वाटते. तिथेही नायक मूळचा मुकाच होता. रूपांतर करणाऱ्यांनी त्याला यू नारुकामी हे नाव दिले आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने भलतेच काहीतरी बोलून जाणारा असा स्वतंत्र स्वभाव दिला. भागाच्या मध्यंतरात त्याचे धैर्य, ज्ञान इत्यादी गुण किती वाढले याची गेममधल्यासारखी आकृती झळकते. खेळाडूला ती पाहून आपली मेहनत आठवते. पुढच्या गेमनी यू नारुकामी हेच नाव कायम केले, म्हणजे ॲनिमेने केलेली भर मूळ घराने आपलीशी केली.

‘एजरनर्स’वर मात्र खेळाडूही खूश झाले, ते कशामुळे?

माझ्या मते सर्वांत मोठे कारण हे की तिने गेमच्या नायकाला हातच लावला नाही. ‘सायबरपंक २०७७’मध्ये खेळाडू व्ही या पात्राची भूमिका घेतो, व्ही पुरुष की स्त्री, तो कसा दिसतो, कोणत्या वाटेने जातो, हे सारे खेळाडूच्या हाती असते. मालिका गेममधल्याच नाइट सिटी या काल्पनिक शहरात, गेमच्या साधारण वर्षभर आधी घडते आणि डेव्हिड, ल्युसी, मेन, रेबेका ही संपूर्ण नवी माणसे घेऊन उभी राहते. त्यामुळे कोणत्याही खेळाडूचा व्ही खोटा ठरत नाही. शहर मात्र तेच राहते. गेममध्ये ज्या रस्त्यांवरून गाडी हाकली ते रस्ते, फोन आला की डोळ्यांसमोर उमटणारी चौकट, तिचा तोच आवाज, हे सगळे पडद्यावर जसेच्या तसे दिसते आणि ऐकू येते. जपानमधील ट्रिगर स्टुडिओ आणि दिग्दर्शक हिरोयुकी इमाइशी यांनी चित्रशैली पूर्णपणे स्वतःची ठेवली. भडक रंग, तुटक हालचाली आणि वेडावाकडा वेग हे त्यांच्या आधीच्या कामांतही होतेच. कथा मात्र गेम बनवणाऱ्या पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीतल्या लोकांकडून आली. घरची गोष्ट आणि बाहेरचा चित्रकार अशी ही वाटणी फार फलदायी ठरली.

दुसरे कारण अधिक बारीक आहे. गेममध्ये सॅन्डेव्हिस्टन नावाचे एक रोपण मिळते. ते पाठीच्या कण्यात बसवले की बटण दाबताच भोवतीचा काळ मंदावतो आणि आपण शत्रूंमधून सहज निसटतो. खेळाडूच्या दृष्टीने ती एक सोय असते. थोडा वेळ थांबले की पुन्हा वापरता येते. मालिकेत डेव्हिड हेच रोपण बसवून घेतो, आणि प्रत्येक वापराबरोबर त्याच्या नाकातून रक्त येते, हात थरथरतात, औषधांची मात्रा वाढत जाते, आणि शेवटी यंत्रांच्या ओझ्याखाली माणूस भान हरपतो त्या सायबरसायकोसिसपर्यंत गोष्ट पोहोचते. गेममध्ये जे फुकट होते त्याची किंमत मालिकेने दाखवली. आमच्यातल्या एकाने मालिका संपवून पुन्हा गेम सुरू केला तेव्हा ते बटण दाबताना बोट अडखळले, असे त्याने सांगितले. उत्तम रूपांतर मूळ कृतीतही असा बदल घडवते.

शेवटी ॲडम स्मॅशर डेव्हिडला ठार मारतो. हा स्मॅशर गेममध्येही आहे, पण मालिकेआधी बहुतेक जण त्याला हरवून विसरून जात. मालिकेनंतर जगभरचे खेळाडू केवळ डेव्हिडचा सूड उगवायला परत आले, आणि स्मॅशरचा शेवट करतानाची त्यांची चित्रणे काही काळ सगळीकडे फिरत होती.

मालिकेमुळे बुडालेला गेम तरला, असे म्हणतात. ते खरे का?

अर्धे खरे आहे, आणि उरलेले अर्धे विसरणे गेमवर राबलेल्या लोकांवर अन्याय करणारे आहे. गेम १० डिसेंबर २०२० रोजी आला तेव्हा जुन्या कन्सोलवर तो इतका सदोष होता की सोनीने त्याच महिन्यात तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि खेळाडूंना पैसे परत देऊ केले; तो परत आला थेट जून २०२१ मध्ये. गेम आल्यापासून पावणेदोन वर्षे दुरुस्त्या चालू होत्या. सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात १.६ ही आवृत्ती आली, तिच्यात डेव्हिडचे जॅकेट आणि रेबेकाची बंदूक गेममध्ये ठेवलेली होती, आणि त्याच महिन्याच्या १३ तारखेला मालिकेचे दहाही भाग नेटफ्लिक्सवर आले. आठवडाभरातच रोज दहा लाख लोक नाइट सिटीत येत असल्याचे कंपनीने जाहीर केले आणि महिना संपता संपता विक्री २ कोटी प्रतींच्या पुढे गेल्याचेही सांगितले. गेममधल्या रेडिओवर २०२० पासून वाजणारे एक गाणे मालिकेत वापरले गेले आणि दोन वर्षांनी लोक ते नव्याने ऐकू लागले.

म्हणजे लोकांना दारापर्यंत मालिकेने आणले, पण आत आल्यावर ते टिकले कारण तोवर घर डागडुजी होऊन राहण्याजोगे झाले होते. हीच मालिका जानेवारी २०२१ मध्ये आली असती तर ती गेमला वाचवू शकली नसती, असे माझे स्पष्ट मत आहे. मार्च २०२३ मध्ये ॲनिमे दाखवणाऱ्या क्रंचीरोल या ऑनलाइन सेवेच्या पुरस्कारांत तिला वर्षातील सर्वोत्तम ॲनिमेचा मान मिळाला.

ज्या गेमला अनेक शेवट असतात, त्याचे ॲनिमे कसे करणार?

याची तीन उत्तरे आजवर दिली गेली आहेत आणि तिन्हींवर चाहत्यांची मते वेगवेगळी आहेत. ‘फेट/स्टे नाइट’ या २००४ च्या गेममध्ये कथेच्या तीन वाटा आहेत. २००६ च्या मालिकेने मुख्यतः पहिली वाट धरली आणि इतर वाटांतले प्रसंग तिच्यात मिसळले. त्या सरमिसळीबद्दल जुने चाहते आजही नाराजीने बोलतात. पुढे युफोटेबल स्टुडिओने २०१४ मध्ये दुसऱ्या वाटेची स्वतंत्र मालिका केली आणि २०१७ ते २०२० या काळात तिसऱ्या वाटेचे तीन चित्रपट काढले. तीन वाटांना तीन कलाकृती हा मार्ग खर्चिक आणि वेळखाऊ आहे, पण खेळाडूला तो पटतो.

दुसरे उत्तर ‘स्टाइन्स;गेट’चे आहे. २००९ चा हा गेम मुळातच वाचत पुढे जाण्याचा. मोबाइलवर आलेल्या संदेशांना खेळाडू काय प्रतिसाद देतो यावर कथेचे फाटे फुटतात. २०११ च्या मालिकेने खऱ्या शेवटाकडे नेणारी वाट मुख्य मानली, आणि भूतकाळात संदेश पाठवून काळ बदलणे हाच कथेचा विषय असल्यामुळे बाकीचे फाटे तिच्यात सहज सामावले. अशा वाचत जाण्याच्या गेमची रूपांतरे सरळ करूनही यशस्वी होतात याचे हे चांगले उदाहरण आहे, पण हातांनी लढायच्या गेमला हा धडा लागू पडत नाही.

तिसरे उत्तर मला सर्वांत लोभस वाटते. ‘नियर : ऑटोमाटा’ला इंग्रजी वर्णमालेतल्या प्रत्येक अक्षराचा एक, असे २६ शेवट आहेत, आणि त्यांतले कित्येक केवळ गंमतीचे आहेत. जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या मालिकेत प्रत्येक भागाच्या अखेरीस बाहुल्यांचा छोटा खेळ येतो आणि त्यात यांपैकी एखादा शेवट सादर होतो. मुख्य कथा आपल्या वाटेने जाते आणि खेळाडूच्या भलत्यासलत्या उद्योगांनाही मान मिळतो.

‘डेव्हिल मे क्राय’वर एवढे मतभेद का झाले?

कॅपकॉमच्या या गेमवर २००७ मध्ये मॅडहाउस स्टुडिओने बारा भागांची मालिका केली होती; तिच्यात लढाया कमी आणि रोजच्या घडामोडी जास्त, ही तेव्हाची तक्रार होती. ३ एप्रिल २०२५ रोजी नेटफ्लिक्सवर आलेली नवी मालिका कोलकात्यात जन्मलेले निर्माते आदी शंकर यांनी दक्षिण कोरियाच्या स्टुडिओ मीरबरोबर केली, आणि तिच्याबाबत लढाया कमी पडल्याचे कोणीच म्हणाले नाही. वाद झाला तो लेडी या पात्राच्या शिवराळ भाषेवर, तिच्यापुढे नायक दान्ते मागे पडल्यावर, आणि राक्षसांच्या जगातले निर्वासित व त्यांच्यावर चालून जाणारे अमेरिकी सैन्य या राजकीय रूपकावर.

यातली पहिली तक्रार मला रास्त वाटते, कारण भाषा पात्राचा स्वभाव उलगडण्याऐवजी तेच तेच ठोकत राहते. राजकारण नको, एवढेच म्हणणे मात्र पुरेसे नाही; ते कथेत मुरले आहे की वरून लावले आहे, हे दाखवून द्यावे लागते. सहावा भाग जवळजवळ संवादांशिवाय, वेगळ्या चित्रशैलीत दोन बालपणे शेजारी शेजारी मांडतो, आणि तिथे तेच राजकारण कोणालाही खुपत नाही.

गेमवरून आलेली ‘कॅसलव्हेनिया’ ही मालिका अमेरिकेत बनली. तिला ॲनिमे म्हणायचे का?

आमच्या बैठकीत म्हणतात. टेक्सासमध्ये बनलेल्या या मालिकेची आणि जपानी मालिकेची चर्चा एकाच कसोटीवर करता येते, आणि गेमशी ती कशी वागली हा आमचा प्रश्न तसाच राहतो. ज्यांना हा भेद महत्त्वाचा वाटतो त्यांच्याशी आमचे भांडण नाही.

पोकेमॉनचा अ‍ॅश सतत हरला म्हणून लोक एवढे दुखावले, ते का?

भारतात ही मालिका २००३ पासून कार्टून नेटवर्कवर दिसू लागली, आणि आज तिशीत असलेल्या सोलापूरकरांपैकी अनेकांनी मूळ गेम न पाहताच ती पाहिली. गेममध्ये एक लहान मुलगा घराबाहेर पडतो आणि खेळाडूने चिकाटी ठेवली तर काही आठवड्यांत विजेता होतो. ॲनिमेतला अ‍ॅश मात्र १९९७ पासून एकामागून एका लीगमध्ये हरत राहिला. ऑगस्ट २०१६ मध्ये तो कालोस लीगच्या अंतिम सामन्यात हरला तेव्हा जगभर संताप उसळला, कारण त्या वेळी सगळी कथा त्याच्या विजयाकडे चाललेली दिसत होती. २०१९ मध्ये त्याने अलोला लीग जिंकली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये लिऑनला हरवून तो जगज्जेता झाला; टोकियोतल्या शिबुयाच्या मोठ्या पडद्यांवर ते क्षण दाखवले गेले. आमच्याकडे त्या आठवड्यात अशी माणसे बोलायला आली, ज्यांनी पंधरा वर्षांत एकही भाग पाहिला नव्हता.

डब पाहावे की सबटायटल?

ज्या भाषेत कथा पोहोचते त्या भाषेत पाहावे. सोलापुरात हा प्रश्न इतर शहरांपेक्षा वेगळा आहे, कारण येथे एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलली जाते. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांतली मुले तेलुगू डब पाहून येतात, काही हिंदी पाहतात, उरलेली जपानी आवाज व इंग्रजी सबटायटल लावतात. क्रंचीरोल भारतात हिंदीबरोबर तमिळ आणि तेलुगू डबही देत असल्यामुळे हे शक्य झाले. एकाच प्रसंगावर तीन भाषांतून आलेल्या प्रतिक्रिया ऐकायला मिळतात, ही आमच्या बैठकीची श्रीमंती आहे. ‘एजरनर्स’चे शहर अमेरिकी असल्याने काही जण इंग्रजी आवाज अधिक योग्य मानतात, मला स्वतःला ल्युसीचा जपानी आवाज सोडवत नाही.

माझा मुलगा आठवीत आहे. त्याने हे पाहावे का?

‘एजरनर्स’, ‘कॅसलव्हेनिया’ आणि ‘डेव्हिल मे क्राय’ या मालिका प्रौढांसाठी आहेत. त्यांत रक्तपात, नग्नता आणि शिव्या आहेत. चित्रे हलतात म्हणजे ते मुलांसाठीच, हा समज पालकांनी सोडावा आणि वयाची सूचना वाचावी. पोकेमॉन पाहायला हरकत नाही. आमच्या बैठकीत शाळकरी मुले असतील त्या दिवशी आम्ही विषयही त्याप्रमाणे निवडतो.

डेव्हिडचे पिवळे जॅकेट सोलापुरात शिवून मिळेल का?

मिळेल, आणि चांगले मिळेल. शाळांचे गणवेश शिवण्यात सोलापूरचे नाव आहे, त्यामुळे कापड, चेन आणि कुशल हात तिन्ही येथे सापडतात. अडचण कॉलरची आहे. ते जॅकेट मुळात आई ग्लोरियाचे, रुग्णवाहिकेवरच्या कामाचे असून त्याची कॉलर हनुवटीपर्यंत ताठ उभी राहते. आमच्यातल्या एकाने मोबाइलवरचे चित्र दाखवले तेव्हा टेलर मास्तर बराच वेळ ते मोठे करून पाहत राहिले आणि म्हणाले, “नुसत्या बुकरमनं भागत नाही बघा, दोन पदर घालावं लागतंय, नाहीतर दुपारपर्यंत मान टाकतंय ते.” दोन पदर घातले आणि कॉलर उभी राहिली. फक्त उन्हाळ्यात ते घालण्याच्या भानगडीत पडू नये.

‘एजरनर्स’चे दुसरे पर्व येणार आहे का? त्यात डेव्हिड असेल का?

जुलै २०२५ मध्ये ‘एजरनर्स २’ची घोषणा झाली. ते दहा भागांचे असून ट्रिगर स्टुडिओच ते करत आहे. दिग्दर्शन काइ इकाराशी यांच्याकडे आहे आणि कथा व पात्रे नवी आहेत. घोषणेनंतर आमच्याकडे दोन तट पडले. काहींना चंद्रावर पोहोचलेल्या ल्युसीचे पुढे काय झाले ते पाहायचे आहे, आणि एक-दोघांना डेव्हिड कुठल्या तरी युक्तीने जिवंत निघावा असे मनापासून वाटते. त्यांचे प्रेम मला समजते, तरीही मी नव्या पात्रांच्या बाजूने आहे. पहिल्या मालिकेने व्हीला हात न लावता खेळाडूंचा जो विश्वास कमावला, तोच विश्वास दुसरीने डेव्हिडला हात न लावता राखावा, आणि नाइट सिटीत अजून कोणाकोणाच्या घरातले वॉशिंग मशीन बंद पडते आहे, ते दाखवावे.